अध्यापकांचे सेवाविषयक तक्रार-निवारण, विद्यापीठीय

विद्यापीठात अथवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात काम करणाऱ्या अध्यापकास वेतन, ज्येष्ठता, पदोन्नती, बदली, रजा, निलंबन, बडतर्फी इ. बाबतींत अन्याय झाल्यास दाद मागण्यासाठी असलेली व्यवस्था. परीक्षा, प्रवेश, शुल्क इत्यादींविषयीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची व्यवस्था निराळी असून तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये स्वतंत्र विनियम केले आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयीन अध्यापक विद्यापीठाचे नोकर नसतात. त्यांची नेमणूक खाजगी संस्था करते, त्या नेमणुकीस मान्यता विद्यापीठ देते आणि अनुदानित पदांचे वेतन शासन देते. तक्रार कोणाविरुद्ध आणि कोणापुढे करावयाची, हा प्रश्न या तिहेरी रचनेतून उद्‌भवतो. गेल्या सव्वाशे वर्षांत या व्यवस्थेत जे बदल झाले, ते मुख्यतः तक्रार ऐकणारा कोण असावा या एका मुद्द्याभोवती झाले आहेत.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याचे स्थान या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. (बोरघाटाच्या माथ्यावरील, पुणे जिल्ह्यातील खंडाळा ते हे नव्हे.) पुणे–सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या उत्तर पायथ्याशी वसलेल्या या गावापासून पुणे सु. ६५ किमी. आहे, कोल्हापूर त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरील नीरा नदी ही दोन जिल्ह्यांची तशीच दोन विद्यापीठांचीही सीमा आहे. पलीकडील पुणे विद्यापीठास २०१४ पासून ज्यांचे नाव आहे, त्या सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. तालुक्यातील महाविद्यालये मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात मोडतात. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालये १९४९ पासून पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्याकडे आली. त्यामुळे खंडाळ्याच्या अध्यापकाच्या तक्रारीची वाट तेव्हापासून घाट चढून दक्षिणेकडे जाते.

महाराष्ट्रातील खाजगी उच्च शिक्षणाच्या प्रारंभकाळी अध्यापक आणि व्यवस्थापक हा भेदच पुरता स्पष्ट नव्हता. १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद हेच तिच्या शाळेत व १८८५ साली निघालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत आणि तेच संस्थेचा कारभारही पाहत. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन त्यांनी स्वतःहून पत्करले होते. या रचनेत कोणी कोणाचा मालक नव्हता; म्हणूनच मतभेद झाला की तो ऐकण्यास तटस्थ असा तिसरा माणूसही नव्हता. वेतनवाढ मागणे त्यागाच्या व्रताशी सुसंगत आहे काय, सभासदाने संस्थेबाहेर अर्थार्जन करावे काय, आपला वेळ व शक्ती संस्थेखेरीज अन्य सार्वजनिक कार्यास द्यावी काय, या प्रश्नांवर टिळक व आगरकर-गोखले यांच्यात १८८७ नंतर तीव्र मतभेद झाले. हे सर्व प्रश्न, आजच्या भाषेत बोलावयाचे तर, सेवाशर्तींचे प्रश्न होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वाद विकोपास गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी विस्तृत निवेदनासह राजीनामा दिला. टिळक-आगरकर वादाचा विचार सामान्यतः सामाजिक सुधारणेच्या संदर्भात केला जातो आणि तो योग्यही आहे. तथापि संस्थेच्या आतील तक्रार संस्थेतीलच मतांच्या बेरजेने निकालात निघत असेल, तर अल्पमतात असलेल्या अध्यापकापुढे राजीनाम्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही, हे त्या प्रसंगाने प्रथमच ठळकपणे दाखविले. सांगली येथे १९१९ साली निघालेले विलिंग्डन महाविद्यालय याच सोसायटीचे असल्याने आजीव सभासदत्वाची ही पद्धती कृष्णाकाठीही पोहोचली.

सरकारी महाविद्यालयांची स्थिती वेगळी होती. तेथे अध्यापक हा सरकारी नोकर असल्याने वरिष्ठांकडे अर्ज व विनंती करण्याची वाट त्यास उपलब्ध होती; परंतु युरोपीय व भारतीय प्राध्यापकांच्या वेतनांतील तफावत हेच सरकारचे धोरण असल्याने अशा अर्जाचा उपयोग बेताचाच होई. १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात नेमणूक झालेल्या जगदीशचंद्र बसूंनी कमी दराचे वेतन तीन वर्षे स्वीकारलेच नाही आणि अखेर पूर्ण वेतन थकबाकीसह मिळविले. तीन वर्षे वेतनाविना काढणे ज्यास शक्य नव्हते, त्यास हा मार्ग बंदच होता.

मुंबई विद्यापीठ (१८५७) प्रारंभी केवळ परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते. महाविद्यालयाने अध्यापकास कसे वागवावे, हा विषय त्याच्या कक्षेत येत नव्हता. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने संलग्नतेच्या अटी कडक केल्या आणि महाविद्यालयातील अध्यापकवर्ग पुरेसा व पात्र आहे की नाही, हे पाहण्याचे काम विद्यापीठाकडे आले. त्यातून पुढे नेमणुकीस मान्यता, किमान वेतनश्रेणी, सेवेचे करारपत्र अशी बंधने क्रमाने घालण्यात आली. तथापि ही बंधने मोडणाऱ्या संस्थेविरुद्ध विद्यापीठाच्या हाती खऱ्या अर्थाने एकच शस्त्र होते आणि ते म्हणजे संलग्नता काढून घेणे. हे शस्त्र इतके जड होते की, ते सहसा उचलले जात नसे. एका अध्यापकाचे वेतन अडविल्याबद्दल महाविद्यालयाची संलग्नता काढली, तर शिक्षा होई ती शेकडो विद्यार्थ्यांना, आणि ज्याच्यासाठी ती करावयाची त्या अध्यापकाची नोकरीही त्याबरोबरच जाई. सातारा व सांगली जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावी, जेथे चाळीस-पन्नास किमी. परिसरात एखादेच महाविद्यालय असे, तेथे तर असा विचारही शक्य नव्हता. परिणामी विद्यापीठ चौकशी समिती पाठवी, समिती अहवाल देई, संस्थेस पत्र जाई आणि प्रकरण तेथेच थांबे.

न्यायालयाची वाटही सरळ नव्हती. खाजगी नोकरीचा करार मोडला गेल्यास नुकसानभरपाई देता येते, परंतु नको असलेल्या नोकरास पुन्हा कामावर घेण्याची सक्ती मालकावर करता येत नाही, हे दिवाणी कायद्याचे जुने तत्त्व होय. उत्तर प्रदेशातील शामली येथील वैश्य महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या प्रकरणात १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लागू केले. महाविद्यालयाची कार्यकारी समिती विद्यापीठाच्या परिनियमांनुसार चालत असली, तरी तेवढ्याने ती कायद्याने निर्माण केलेली संस्था ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसरी वाट कामगार कायद्याची. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात (१९७८) शिक्षणसंस्था ‘उद्योग’ या व्याख्येत बसतात असे ठरले, तेव्हा अध्यापक-संघटनांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. परंतु गोव्यातील एका शाळाशिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखालील ‘कामगार’ नव्हे, कारण त्याचे काम शारीरिक, कारकुनी वा तांत्रिक स्वरूपाचे नसते. अशा रीतीने त्याच महाविद्यालयातील शिपाई कामगार न्यायालयात जाऊ शके आणि प्राध्यापक जाऊ शकत नसे. अध्यापनाच्या प्रतिष्ठेचा हा गौरव अध्यापकास महागात पडला. यास काहीसा उतार १९८९ च्या अहमदाबाद येथील एका न्यासाच्या प्रकरणात मिळाला. त्या न्यासाने महाविद्यालय बंद करून अध्यापकांची देणी थकविली होती. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या व सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या खाजगी संस्थेविरुद्धही उच्च न्यायालय परमादेश काढू शकते, असे त्यात ठरले.

या कोंडीतून महाराष्ट्रात जो मार्ग काढण्यात आला, तो विशेष न्यायाधिकरणाचा होय. मुंबई, पुणे, शिवाजी इ. विद्यापीठांसाठी १९७४ साली नवे अधिनियम करण्यात आले आणि त्यांत पुढे महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांच्या अपिलांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद आली. माध्यमिक व प्राथमिक खाजगी शाळांसाठी अशीच व्यवस्था १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाने केली व ती १५ जुलै १९८१ पासून अंमलात आली. न्यायाधिकरणाचे खरे महत्त्व त्याच्या अधिकारांत आहे. दिवाणी न्यायालय जे करू शकत नव्हते, तेच करण्याचा, म्हणजे अध्यापकास त्याच्या पदावर परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार कायद्याने त्यास दिला. मधल्या काळातील वेतन देववणे, काढलेला दर्जा परत देणे, बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा करणे हेही त्याच्या कक्षेत आले. अपील ऐकणारा अधिकारी विद्यापीठाचा वा संस्थेचा नसून न्यायखात्यातील अनुभवाचा असतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांस जो तिसरा माणूस उपलब्ध नव्हता, तो या रूपाने प्रथम अवतरला.

सर्व अकृषी विद्यापीठांसाठी एकच कायदा असावा, या हेतूने केलेला महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ हा त्या वर्षाच्या जुलैपासून लागू झाला. त्याने तक्रारींचे दोन वर्ग पाडले. बडतर्फी, सेवेतून काढणे, अन्य प्रकारे सेवासमाप्ती व पदावनती या चार प्रकारांत अध्यापकास तीस दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अपील करता येई. उरलेल्या सर्व तक्रारींसाठी (उदा., ज्येष्ठतासूचीतील स्थान, रोखलेली वेतनवाढ, नाकारलेली रजा, अनेक शाखा असलेल्या संस्थेने केलेली दूरची बदली) प्रत्येक विद्यापीठात एक तक्रार समिती नेमण्यात आली. प्र-कुलगुरू तिचे अध्यक्ष, व्यवस्थापन परिषदेचे चार सदस्य तिचे सदस्य आणि कुलसचिव तिचे सदस्य-सचिव असत. शक्यतो सहा महिन्यांत तक्रार ऐकून समितीने आपला अहवाल व्यवस्थापन परिषदेस सादर करावयाचा असे.

या समितीत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे तिची सर्व रचना विद्यापीठाच्या अधिकारीवर्गातून झालेली होती. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातील अध्यापकाची तक्रार प्रशासनाविरुद्ध असेल, तर तीच मंडळी ती ऐकण्यास बसत. दुसरी उणीव अधिक मूलगामी होती : समिती निर्णय देत नसे, अहवाल देई. अहवालावर परिषद काय करणार आणि परिषदेने लिहूनही संस्थेने न ऐकल्यास पुढे काय, हे प्रश्न अनुत्तरित राहत आणि गाडी पुन्हा संलग्नतेच्या जुन्या अडसरापाशी येऊन थांबे. बडतर्फ झालेल्या अध्यापकास न्यायाधीश मिळे, पण ज्याची वेतनवाढ वर्षानुवर्षे रोखून ठेवली त्यास मात्र शिफारस मिळे. पदावर ठेवून त्रास देणे हे काढून टाकण्यापेक्षा सुरक्षित, असा अर्थ काही संस्थाचालकांनी त्यातून घेतला असल्यास नवल नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७ पासून) याने ही रचना बदलली. त्याच्या ७९ व्या कलमान्वये तक्रार निवारण समितीच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीशापेक्षा कमी दर्जाचा नसलेला निवृत्त न्यायाधीश असतो. समितीने तक्रारी ऐकून, मिटवून त्यांवर कायद्यानुसार निर्णय द्यावयाचा असून त्यासाठी शक्यतो तीन महिन्यांची मुदत घालण्यात आली आहे. १९९४ च्या व २०१६ च्या कायद्यांतील मुख्य फरक ‘अहवाल’ आणि ‘निर्णय’ या दोन शब्दांचा आहे. न्यायाधिकरणाची व्यवस्था पुढे चालू ठेवण्यात आली. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने, खाजगी संस्थांतील शिक्षकांसाठी जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण असावे असे सुचविले होते. महाराष्ट्रात अशा न्यायाधिकरणांची तरतूद त्यापूर्वीच झालेली होती, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारींचा मार्ग मात्र स्वतंत्र आहे. विशाखा खटल्यातील निर्देश (१९९७), २०१३ चा अधिनियम आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनुसार प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ महिला अध्यापकाच्या अध्यक्षतेखाली अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांत करावयाची असते व चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावयाची असते. ज्या महाविद्यालयात अध्यापकवर्ग वीस-पंचवीस जणांचाच असतो, तेथे तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती आणि समितीचे सदस्य हे एकाच कर्मचारी-कक्षात रोज एकत्र बसणारे असतात. समितीत बाहेरील सदस्य असण्याची अट या दृष्टीने केवळ औपचारिक नाही.

२०१६ च्या कायद्याने एक कक्षा स्पष्टपणे वगळली आहे : शासन व त्याचे अधिकारी यांच्याविरुद्धच्या तक्रारी समितीपुढे येऊ शकत नाहीत. प्रत्यक्षात अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांचे मोठे गाऱ्हाणे बहुधा याच कक्षेतील असते. वेतननिश्चिती, थकबाकी, पदोन्नतीनंतरची श्रेणी या बाबी विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयावर अवलंबून असतात. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांसाठी हे कार्यालय कोल्हापुरास आहे. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट वा सेट परीक्षा उत्तीर्ण नसताना नेमल्या गेलेल्या अध्यापकांचे. संस्थेने त्यांस नेमले, विद्यापीठाने नेमणुकीची प्रक्रिया पाहिली, शासनाने वेतन दिले आणि त्यांच्या सेवेची गणना कोणत्या तारखेपासून करावयाची हा प्रश्न तिघांपैकी कोणाच्याच दारात पुरा सुटला नाही. हा प्रश्न व सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी या मागण्यांसाठी महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने (एमफुक्टो) ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १० मे २०१३ रोजी मागे घेण्यात आला. त्याच वर्षी २७ जूनच्या शासननिर्णयाने या अध्यापकांची सेवा निर्णयाच्या दिनांकापासून ग्राह्य धरली. आधीच्या सेवेच्या गणनेचा वाद त्यानंतर न्यायालयांत गेला. वैयक्तिक तक्रारीस वाट नसली की ती संघटनेची मागणी होते, हे सातारा-सांगली भागातील ‘सुटा’ (शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ) किंवा विदर्भातील ‘नुटा’ या संघटनांच्या कार्यावरूनही दिसते. विधान परिषदेतील शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या प्रतिनिधींनीही हे काम बऱ्याच प्रमाणात केले आहे. वेतनपत्रकातील एखाद्या चुकीची दाद विधिमंडळात मागावी लागणे, हे मात्र व्यवस्थेच्या सुदृढपणाचे लक्षण म्हणता येणार नाही.

तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांची अवस्था याहून बिकट आहे. त्यांची नेमणूक ठराविक तासांपुरती व सत्रापुरती असल्याने ती संपते. कोणी संपवीत नाही. ‘सेवासमाप्ती’चा आदेशच नसल्याने अपिलास आधार सापडणे कठीण जाते आणि पुढील वर्षाची नेमणूक त्याच संस्थेच्या मर्जीवर असल्याने तक्रार करण्याचे धाडस सहसा होत नाही. कायम पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने महाविद्यालयांत या वर्गाची संख्या वाढत गेली. न्यायाधिकरण व समिती यांची रचना ज्या कायम अध्यापकास डोळ्यांपुढे ठेवून झाली, तो अनेक विभागांत आता एकटाच उरला आहे.

अन्य देशांतही हा प्रश्न तक्रार ऐकणाऱ्याच्या तटस्थतेपाशीच येऊन ठेपला. इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांत ‘व्हिजिटर’ अथवा अभ्यागत या परंपरागत पदाधिकाऱ्यास अंतर्गत वादांचा अनन्य अधिकार असे व न्यायालये त्यात हात घालीत नसत. अध्यापकांच्या नोकरीविषयक वादांपुरता हा अधिकार १९८८ च्या शिक्षण सुधारणा अधिनियमाने संपुष्टात आणला. अमेरिकेत १९१५ साली जॉन ड्यूई यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने अध्यापकाची चौकशी त्याच्या समव्यावसायिकांपुढे व्हावी असे तत्त्व मांडले आणि ते न पाळणाऱ्या संस्थांची निषेधसूची प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली. युनेस्कोने १९९७ साली उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी केलेल्या शिफारशीत निःपक्षपाती त्रयस्थापुढे अपील करण्याचा हक्क मान्य केला आहे.

न्यायाधिकरणाचा निर्णय कायद्याने अंतिम असला, तरी संविधानाच्या २२६ व २२७ व्या अनुच्छेदांखाली त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते आणि महत्त्वाच्या प्रकरणांत एक ना एक पक्ष जातोच. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अध्यापकास त्यासाठी मुंबईस जावे लागे. वकिलाची फी, प्रवास व तारखांमागून तारखा यांचा भार संस्थेस जेवढा पेलतो, तेवढा वेतन बंद असलेल्या माणसास पेलत नाही. त्यामुळे न्यायाधिकरणात जिंकूनही मुंबईच्या खर्चास भिऊन तडजोड करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे त्याच्या कक्षेत येतात. खंडाळ्याच्या अध्यापकाची तक्रार, तिच्यावरील अपिलानंतरची याचिका आणि त्याचे वेतन ज्या कार्यालयातून मंजूर होते ते कार्यालय, ही सर्व त्यामुळे आता एकाच शहरात आली आहेत.